लिंबं नाहीत म्हणणाऱ्या बाईकडून भाजी घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात अधूनमधून शेतकरी आठवडे बाजाराचा फोटो येतो. हिरव्यागार गड्ड्या, मागे टोपीवाले हसरे काका आणि खाली ओळ, की शेतकरी ते ग्राहक थेट विक्रीला उदंड प्रतिसाद. फोटो खोटा नसतो, मी कुठे म्हणतेय. पण फोटो काढणाऱ्याने कॅमेरा खाली ठेवून त्या काकांना एक प्रश्न विचारावा असं मला नेहमी वाटायचं, आणि तो प्रश्न गेल्या महिन्यात मीच विचारला म्हणून हे पत्र. लांबलंय, कापावं लागेल, कापा, फक्त मावशींचा भाग तेवढा ठेवा.

आमच्याकडे पुण्यात कर्वेनगरच्या बाजूला दर रविवारी सकाळी एका मोकळ्या ग्राउंडवर शेतकरी बाजार भरतो. ग्राउंडचं नाव आणि भरवणाऱ्यांचं नाव मुद्दाम लिहीत नाही, मला कोणाशी भांडायचं नाहीये आणि जे इथे चालतं ते बाकीच्या भागातही थोड्याफार फरकाने चालत असणार. साडेसातला गेलं तर नीट पार्किंग मिळतं, नऊनंतर दुचाकी लावायला पण जागा नसते. एका बाजूला भाजीचे स्टॉल, मधे कडधान्य-गूळ-लाकडी घाण्याचं तेल, कोपऱ्यात इडली-आप्पे आणि चहा. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शनिवारी रात्रीच मेसेज पडतो, "उद्या कोण जातंय, माझ्यासाठी दोन कोथिंबीर." मी पहिल्यापासूनची गिऱ्हाईक. मॉलमधली प्लॅस्टिकमधे गुदमरलेली भाजी मला आवडत नाही आणि शेतकऱ्याच्या हातात थेट पैसे देतोय याचं एक समाधान असतं, ते खोटं कशाला बोलू.

तर झालं असं, आषाढातला रविवार होता. मी नेहमीच्या मोठ्या स्टॉलवर, म्हणजे एंट्रीलाच डावीकडे जो आहे, जिथे सगळं मिळतं आणि जिथे नेहमी गर्दी असते, तिथे गवार निवडत होते. दादा बोलका आहे, क्यूआर कोड मोठा करून लावलाय, पिशवी विसरली तर रागवत नाही. त्याच्या मागे क्रेट रचलेले होते आणि त्यातल्या दोन-तीन क्रेटवर लाल ऑइलपेंटने दोन अक्षरं आणि एक आकडा. आता ही अक्षरं दुसऱ्या कोणाला दिसली नसती पण मला दिसली, कारण माझं माहेर पुरंदरात, सासवडच्या पलीकडे, आणि आमच्या ओसरीत असलेच क्रेट पडलेले असायचे. ती आडत्याच्या, म्हणजे यार्डात शेतकऱ्याचा माल कमिशनवर विकून देणाऱ्याच्या, नावाची अक्षरं असतात आणि आकडा त्याच्या गाळ्याचा. क्रेट मार्केट यार्डातला आहे हे कळायला मला वाचावं पण लागलं नाही.

म्हणलं एखादा क्रेट कोणाकडूनही येऊ शकतो, लगेच संशय नको. सहज विचारलं, "दादा गाव कुठलं?" तर म्हणाला सासवड. मला तर आनंदच झाला. "सासवडला कुठं?" "सासवडातच की ताई." मग मी विचारलं, "मग यंदा पाऊस कसाय तिकडं?" तो पटकन म्हणाला, "चांगलाय की, मस्त झालाय." आता आदल्याच रात्री माझ्या भावाचा फोन झालेला, वाटाण्याची पेरणी करून बसलाय आणि वर ढग नुसते फिरून चाललेत, म्हणाला आठ दिवसात नाही आला तर बी गेलं. पुरंदर म्हणजे पर्जन्यछायेचा भाग, इकडे पुण्यात छत्र्या उलट्या होत असतात आणि तिकडे घाट चढून गेलं की धूळ. ज्याचं पोट पावसावर आहे त्या माणसाला आषाढात पाऊस कसाय विचारलं तर तो नुसतं "चांगलाय की" म्हणून गवार तोलायला लागत नाही हो, तो दहा मिनिटं बोलतो. आमचे बाबा तर रस्त्यावर उभं करून बोलायचे.

मी काही बोलले नाही. गवार घेतली, पैसे दिले, निघाले. पण दिवसभर डोक्यातून जाईना.

का जाईना ते सांगायला थोडं मागे जावं लागेल. बाबांचा माल गुलटेकडीला मार्केट यार्डात जायचा. संध्याकाळी कोथिंबीर उपटायची, रात्री नऊला गावचा टेम्पो, पहाटे लिलाव आणि दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या दिवशी टेम्पोवाल्याच्या हातून पट्टी घरी. पट्टी म्हणजे हिशोबाचा कागद. पालेभाजी तिथे किलोवर नाही, शेकड्यावर जाते, शंभर गड्ड्यांना इतके. वर भाव लिहिलेला आणि खाली एकेक ओळ कापत यायची, आडत, हमाली, तोलाई, गाडीभाडं. आम्ही पोरं पट्टीच्या फक्त शेवटच्या आकड्याकडे बघायचो, तो मोठा असला की शनिवारी जिलबी. आणि एकदा, मी सातवी-आठवीत असेन, उलटी पट्टी आली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, उलटी पट्टी म्हणजे माल विकून जे पैसे आले त्यापेक्षा खर्च जास्त, म्हणजे शेतकऱ्यानेच आडत्याला देणं लागतं. अख्ख्या वाफ्याची कोथिंबीर आणि वर आपणच पैसे द्यायचे. बाबांनी तो कागद घडी करून टोपीत ठेवला आणि काहीच बोलले नाहीत. आईने त्या दिवशी चहा पण विचारून केला नाही, सरळ आणून ठेवला.

म्हणून २०१६ च्या जुलैमधे सरकारने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला, आणि पणन मंडळाने संत सावता माळींच्या नावाने शेतकरी आठवडे बाजार सुरू केले, अगदी विधान भवनाच्या आवारात पण भरवला होता, तेव्हा आमच्या घरात कोणाला नाही तेवढा आनंद मला झालेला. त्याआधी १९६३ च्या कायद्याखाली माल बाजार समितीच्या आवारातूनच जायचा. तो कायदा काही वाईट हेतूने केला नव्हता, सावकार-व्यापारी गावातच भाव पाडून माल घेत होते त्यातून सोडवायला केला होता, पण पुढे त्याचं काय झालं ते पट्टी वाचलेल्या कुठल्याही घराला विचारा. नाव तरी किती नेमकं ठेवलं, अरणच्या सावता माळ्याचं, ज्याला मळ्यातच देव भेटला. (पुणेकरांना नावांचं कौतुक कमी नाही, महात्मा फुल्यांनी नगरपालिकेत असताना ज्या मंडईच्या खर्चाला विरोध केला त्याच मंडईला पुढे त्यांचं नाव दिलं. असो, विषय तो नाही.)

आणि आता त्याच बाजारात मी मार्केट यार्डातला माल विकत घेतेय, आडत हमाली तोलाई सगळं भरून आलेला, वर शेतकऱ्याला थेट पैसे दिल्याचं समाधान फुकट!

मग पुढच्या रविवारी मी जरा लवकर गेले आणि भाजी न घेता नुसती फेरी मारली. बायका भाजी बाजारात आणि नवरे मोबाईलच्या दुकानात जसं करतात तसं, सगळं बघायचं आणि काही घ्यायचं नाही. साधा हिशोब केला. २०१५-१६ च्या कृषी गणनेप्रमाणे आपल्या राज्यात एका खातेदाराकडे सरासरी १.३४ हेक्टर जमीन आहे, म्हणजे धरून चाला सव्वातीन एकर. त्यात ज्वारी-बाजरी-भात जे काय ते, जनावरांचा चारा, आणि पाणी असेल तर भाजीला अर्धा-पाऊण एकर. मेथी टाकली तर महिनाभरात निघते, कोथिंबिरीला चाळीस-पंचेचाळीस दिवस, भेंडी दीड महिन्याने चालू होते आणि मग दिवसाआड तोडा, दोन-अडीच महिने. म्हणजे कुठल्याही एका रविवारी एका शेतकऱ्याकडे तीन भाज्या असतील, चार असतील, फार फार तर घरामागचा कढीपत्ता नि शेवगा धरून सहा. मी त्या डावीकडच्या स्टॉलवर मोजल्या, छत्तीस. तीन रंगांच्या ढोबळी मिरच्या, ब्रोकोली, आलं, बटाटा, गाजर आणि चक्क सफरचंद. सफरचंद सासवडला पिकत असतील तर भाऊ उगाच वाटाणा पेरून बसलाय.

हां, एक गोष्ट न्यायाने सांगायला पाहिजे. काही स्टॉल गटाचे असतात, गावातले दहा-पंधरा जण मिळून एक टेम्पो करतात आणि दोघे जण येऊन सगळ्यांचं विकतात, त्यांच्याकडे वीस भाज्या असू शकतात आणि ते खरं आहे. आमच्याकडे जुन्नर बाजूचा असा एक गट येतो, त्यांना विचारलं की हा दोडका कोणाचा तर तो मुलगा नाव सांगतो, वर "त्यांच्या विहिरीला पाणी आहे म्हणून आत्ता आला, बाकीच्यांचा पुढच्या महिन्यात" हे पण सांगतो. फरक विचारल्यावर कळतो. न विचारता नाही कळत.

मोजणं झालं तसं मी परत त्या दादाकडे गेले. गर्दी नव्हती. सरळच बोलले, म्हणलं दादा मी पण सासवडकडचीच, वाटाण्याला पाऊस नाहीये, हा माल यार्डातला ना? मला वाटलं आता भांडण होणार. तो हसला. मग जे बोलला ते मी जसं आठवतंय तसं लिहिते. "ताई, माझी तीस गुंठे हाये, खोटं न्हाई सांगत, सातबारा दावतो. पण पाणी न्हाई. पहिलं वरीस मी घरचीच मेथी नि वांगी घेऊन यायचो हितंच. लोक यायची, विचारायची कांदा हाये का, बटाटा, मिरची? न्हाई म्हटलं की पुढं. म्हणायची एकाच ठिकाणी सगळं मिळतंय तिकडं घेऊ. अकरा वाजता निम्मी मेथी वापस न्यायची. मग मी पहाटं यार्डात जाऊन एक पोतं बटाटा आणायला लागलो मेथी इकावी म्हणून. मग मिरची. मग काय, वांगी लावायचीच सोडली."

संपादक साहेब, मी तिथे गप्प उभी राहिले, कारण हे "लोक" म्हणजे मीच ना. गेली दोन वर्षं मी त्याच्याकडेच का जात होते? एका ठिकाणी सगळं मिळतं म्हणून. पोत्याभर बटाट्यापासून सुरू झालेला माणूस व्यापारी होईपर्यंत आम्हीच त्याला दर रविवारी एकेक भाजी विचारत होतो. आणि भाव काही तो जास्त लावत नाही, फसवत नाही, काटा पण बरोबर आहे, मागच्या वर्षीचा तपासणीचा स्टिकर आहे त्यावर, मी बघितला. फक्त तो आता त्या मेथीतला शेतकरी राहिला नाही.

आता मावशी. त्याच बाजारात अगदी मागे, टॉयलेटच्या भिंतीकडे, जिथे पावसाचं पाणी साचतं तिथे एक मावशी बसतात. मुळशीकडच्या. खाली गोणपाट, त्यावर अळू आणि कुर्डू, फोडशी असल्या पावसाळी रानभाज्यांच्या छोट्या जुड्या, एका टोपलीत चार-पाच वाटे करटुली, दहा-पंधरा गावठी अंडी भुश्यात ठेवलेली आणि बाजूला छोट्या पोत्यात आंबेमोहोर. झालं. गावातल्या दुधाच्या गाडीतून येतात, त्या गाडीची वेळ तीच यांची वेळ, त्यामुळे यांना पुढची जागा कधी मिळत नाही, पुढच्या जागा पहाटे साडेपाचला टेम्पो लावणाऱ्यांच्या. आणि जागेचं भाडं जेवढं छत्तीस भाज्यांच्या टेबलाला तेवढंच यांच्या गोणपाटाला. हे मला त्यांनी तक्रार म्हणून नाही सांगितलं, मी विचारलं तर "समद्यांला सारखंच हाये की" असं म्हणाल्या, जणू काही ते बरोबरच आहे.

दोन वर्षं मी यांच्यासमोरून गेलेय, चपला भिजू नयेत म्हणून पाय उचलून. का थांबले नाही? कारण टोमॅटो नव्हता.

त्या दिवशी थांबले. फोडशी घेतली, भारंगी होती ती पण घेतली. कशी करायची विचारलं तर मावशींनी मला असं बघितलं की ही बाई पुण्यातली शिकलेली दिसते. भारंगी कडू, उकळून पाणी टाकायचं, पिळून घ्यायची, मग कांदा-लसणावर परतून वर भिजवलेली मूगडाळ. फोडशी निवडताना पात्यांच्या मधला दांडा काढायचा नाहीतर दाताखाली येतो. मी विसरले. आला. घरी मुलाने एक घास घेऊन विचारलं, आई हे गवत आहे का. नवऱ्याने मात्र मुकाट्याने दोन पोळ्या जास्त खाल्ल्या आणि म्हणाला आजीकडे असायची ही, तीस-पस्तीस वर्षं खाल्ली नव्हती.

मग मी एक महिना ठरवलं, यादी करून जायचं नाही. आधी फेरी, तीन-चार वस्तू घेऊन बसलेल्यांकडून घ्यायचं आणि जे मिळेल ते आठवडाभर. सोपं गेलं असं म्हणणार नाही. एका आठवड्यात अळूच अळू झालं, फतफतं, वड्या, परत फतफतं. एका आठवड्यात टोमॅटोच नाही, तर आमसूल आणि चिंच वापरली, आमटी काही अडली नाही. २०२३ च्या जुलैमधे टोमॅटो शंभरच्या वर गेला होता तेव्हा काय केलं होतं आपण सगळ्यांनी, तेच. (आणि दोन महिन्यात तोच टोमॅटो शेतकरी रस्त्यावर ओतत होते, तेव्हा आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक शब्द नव्हता.) कांदे-बटाटे मी कोपऱ्यावरच्या नेहमीच्या भाजीवाल्याकडून घेते, तो बिचारा शेतकरी असल्याचं कधी सांगत नाही, यार्डातून आणतो आणि यार्डातून आणलं म्हणतो, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. खर्च वाढला का? नाही, थोडा कमीच झाला. वेळ मात्र दुप्पट लागतो, कारण प्रत्येकाशी बोलणं होतं. मावशींकडे तर मी इतकी बसायला लागले की एकदा चेष्टेत म्हणलं पण, "मावशी सगळं आहे तुमच्याकडे, लिंबं तेवढी आणत जा." तर म्हणाल्या, "लिंबं न्हाईत बाई, आमच्यात झाडच न्हाई लिंबाचं." किती सरळ उत्तर. नाही म्हणजे नाही.

एक गंमत सेंद्रियची. आता निम्म्या स्टॉलवर "सेंद्रिय" बोर्ड आहे, हिरवी अक्षरं आणि एक पान काढलेलं असतंच. लहान शेतकरी, म्हणजे वर्षाला बारा लाखांपर्यंत उलाढालीचा, थेट ग्राहकाला विकत असेल तर त्याला सेंद्रियच्या सर्टिफिकेटची सक्ती नाही, ही सवलत चांगलीच आहे, मावशी कुठे सर्टिफिकेट काढत बसणार. पण सवलत कोण वापरतंय? पावसाळ्यातला फ्लॉवर, पांढराशुभ्र, एक अळी नाही, एक भोक नाही, आणि वर बोर्ड सेंद्रिय. आमच्याकडे कोबी-फ्लॉवर लावला की आई मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायची आणि वर तरंगणाऱ्या अळ्या मोजायची आम्हाला सांगायची. मावशींकडे बोर्ड नाहीच. कुर्डूवर औषध मारलं का विचारलं तर म्हणाल्या, "बांधावरच्या तणाला कोण औषध मारतंय?"

आता माझं म्हणणं काय ते सांगते नाहीतर तुम्ही म्हणाल बाई नुसतं गप्पा मारतायत.

बाहेरून आणलेला माल बाजारात नकोच असं मी म्हणत नाही. तीस गुंठ्यांचा तो दादा पाणी नाही म्हणून काय करणार, त्याचं पण घर आहे. फक्त लिहा. प्रत्येक स्टॉलवर दोन पाट्या ठेवा, एक "आमच्या शेतातलं", एक "आणलेलं". बस. खडूने लिहिली तरी चालेल. ज्याला एका ठिकाणी सगळं पाहिजे तो आणलेलं घेईल, ज्याला शेतकऱ्याचं पाहिजे तो तिकडून घेईल, आज दोघांचं एकाच ढिगात आहे म्हणून शेतकऱ्याच्या नावावर व्यापार चालतो आणि शेतकरी मागे भिंतीकडे.

तपासणार कसं विचाराल, तर ते पण अवघड नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी आहे, शेतकरी स्वतः मोबाईलवर फोटो काढून आपल्या गटात काय पीक आहे ते नोंदवतो आणि ते सातबाऱ्यावर चढतं. माझा भाऊ नेट येत नाही म्हणून बांधावर उभा राहून मोबाईल आभाळाकडे धरतो, पण करतो. बाजार भरवणारे नोंदणी करताना जुना सातबारा घेतात, झेरॉक्स फाईलला लागते आणि संपलं, सातबारा तर त्या दादाकडे पण आहे! सातबाऱ्याने माणूस शेतकरी ठरतो, टेबलावरची ब्रोकोली त्याची ठरत नाही. त्याऐवजी हंगामाला एकदा पीकपाहणी बघा. मला माहितीये महिनाभरात निघणारी मेथी-कोथिंबीर कोणी नोंदवत बसत नाही, वाट्याने करणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर नसतं, आणि मावशींचं तर नाहीच, जमीन दिराच्या नावावर आणि कुर्डू बांधावरचं. म्हणून याला फार कडक नियम करू नका, नाहीतर नेहमीप्रमाणे कागद असलेला आत आणि माती लागलेला बाहेर. बाजार भरवणाऱ्यांपैकी कोणीतरी महिन्यातून एकदा, मी त्या दादाला विचारलं तसं पाऊस कसाय एवढं विचारलं तरी निम्मं काम होईल.

आणि भाडं टेबलाच्या लांबीवर घ्या. गोणपाटाला गोणपाटाचं. आणि पुढच्या पाच-सहा जागा कमी माल घेऊन येणाऱ्यांना राखून ठेवा, दुधाची गाडी सात वाजता येते हे गृहीत धरून. एवढं तर आपल्या सोसायटीच्या पार्किंगमधे पण करतो आपण.

आपल्याबद्दल, म्हणजे गिऱ्हाइकांबद्दल, पण दोन शब्द. भेंडीची शेंडी मोडून बघायची आणि मोडलेली परत ढिगात टाकायची ही आपली जुनी सवय. ती भेंडी मग कोण घेणार? दुसरं, मॉलमधे तीनशे सत्तावीस रुपये पन्नास पैसे झाले तर आपण तेवढेच देतो आणि इथे दहाच्या जुडीवर "वर कढीपत्ता घाला, दोन मिरच्या घाला." मी पण म्हणायचे. मावशी न मागता घालतात तो भाग वेगळा, पण आपण मागतो तेव्हा कोणाच्या तरी पट्टीत कापायची अजून एक ओळ वाढवतो. तिसरं, साडेअकराला जाऊन "आता उरलंय ते स्वस्तात द्या" म्हणायचं. आमच्या सोसायटीत याला हुशारी समजतात.

आपल्या बातमीदाराला एखाद्या रविवारी पाठवा, कॅमेरा घेऊन नाही, पिशवी घेऊन. पुढून नाही, मागच्या भिंतीकडून सुरुवात करा म्हणावं. लावणी चालू असली तर मावशी एखाद-दोन रविवार नसतील, भाताची घाई असते, पण शेजारी एक आजोबा बसतात, नुसती काकडी आणि तांबडा भोपळा, त्यांच्याशी बोला. ऐकायला कमी येतं, जोरात बोलावं लागतं.

आपली नियमित वाचक,
कर्वेनगर, पुणे

ता.क. हे पत्र लिहून ठेवलं होतं, पाठवायचं राहिलं आणि मधे एक रविवार गेला. लावणी आटपून मावशी आल्या होत्या. अळूच्या बाजूला एका नवीन पिशवीत पिवळीधमक लिंबं, सगळी एकाच आकाराची. मी बघतच राहिले. म्हणलं, "मावशी, लिंबं कुठली? झाड नाही म्हणाला होतात." तर खुशीत म्हणाल्या, "लेकानं आणून दिली मार्केटातनं, शेकड्यावर. तुमीच म्हणाला व्हता ना बाई, समदं हाये, लिंबं तेवढी न्हाईत. सकाळधरनं निम्मी गेली बगा, अन लिंबासाठी थांबली ती लोकं अळू बी घेत्यात."

मी पाच लिंबं घेतली. पाट्यांचं वरती लिहिलंय ते मात्र तसंच छापा.